मासा, मत्स्य आणि पिस्किस : इंग्रजीतली लॅटिन मासळी

गोदाकाठ (धागाकर्ता)

पोरगा बारावीला आहे. कॉलेज झालं की कुठल्यातरी प्रवेश परीक्षेची इंग्रजी शब्दांची जाडजूड यादी घेऊन बसतो. परवा जेवताना विचारतो, "पप्पा, पिस्कटोरियल म्हंजे काय?" मी म्हटलं, पिस्तुलाशी काहीतरी असेल. पोरगं हसलं. म्हणे, मासेमारीशी संबंधित! म्हणजे पिढ्यान् पिढ्या आमच्याच घरात चाललेल्या धंद्याचा शब्द, आणि मला पिस्तूल आठवलं.

मी पैठणचा, भोई समाजातला. आजोबा गोदावरीत मासे धरायचे. जायकवाडी झाल्यावर काका-मामा नाथसागरात धरायला लागले. मी नोकरीत अडकलो, पण मासळी काही डोक्यातून जात नाही. म्हणून यादी पोराकडून हिसकावून घेतली आणि दोन रात्री कोश चाळत बसलो.

सापडलं ते असं. लॅटिनमध्ये माशाला पिस्किस म्हणतात. पिस्कटोरियल त्यातलाच. पिसिकल्चर म्हणजे मत्स्यपालन, पिसिव्हरस म्हणजे मासे खाऊन जगणारा, पायसीज म्हणजे आपली मीन रास. पण यातला एकही शब्द इंग्लंडातला कोळी काठावर बोलत नसणार. त्याचे शब्द फिश, नेट, हुक, फिन, बोट. सगळे छोटे, एका दमात ओरडता येणारे आणि सगळे जर्मन कुळातले. तोच मासा पुस्तकात, कचेरीत, कोर्टात गेला की अंगावर लॅटिन कोट चढवतो.

आता आपल्याकडं बघा. काठावर मासा, मच्छी, मासळी. कचेरीच्या पाटीवर मत्स्यव्यवसाय. त्या पाटीखालून मी हजारदा गेलोय, पण "चल, मत्स्य धरायला जाऊ" असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

काही शब्द मात्र फार आवडले.

पॉरपस हा डॉल्फिनच्या जवळचा समुद्री प्राणी. शब्दाची फोड केली तर पोर्कुस म्हणजे डुक्कर आणि पिस्किस म्हणजे मासा. डुक्करमासा! फ्रेंचमधून येता येता दोन्ही शब्द असे वितळले की आता ओळखू येत नाहीत.

कॉरमोरंट हा पक्षी. लॅटिनमध्ये कोर्वुस मारिनुस, म्हणजे समुद्रातला कावळा. आता नाथसागरावर जाऊन बघा, खुंटावर पंख वाळवत बसलेला तो काळा पक्षी. आपण त्याला काय म्हणतो? पाणकावळा! रोमचं कुणी पैठणला शब्द सांगायला आलेलं नाही, की इथून कुणी तिकडं गेलेलं नाही (व्यापार होता म्हणे, पण कावळ्याचा नव्हता). दोन्हीकडच्या माणसांनी एकच पक्षी पाहिला आणि एकच नाव ठेवलं. पोराला सांगितलं, पिसिव्हरस पाठ करू नकोस, पाणकावळा आठव.

आणि अ‍ॅक्वेरियम. दवाखान्यात असते ती काचेची पेटी. लॅटिनमध्ये अक्वारियुम म्हणजे गुरांना पाणी पाजायची जागा. म्हणजे आपला हाळ! माशांच्या पेटीला हे नाव रूढ केलं फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकानं, १८५४ च्या सुमारास. तोवर लोक अक्वा-व्हिव्हेरियम असलं अवघड काहीतरी म्हणायचे.

साल्मन, सार्डिन, ट्राउट हेही लॅटिनमधूनच आलेत, पण ते आपल्या बाजारात येत नाहीत, म्हणून सोडून दिले.

तुमच्याकडं आणखी असतील तर टाका. माशांची स्थानिक नावं पण चालतील.

खवय्या_जालना

धाग्याचं नाव वाचून वाटलं मरळीच्या कालवणाची पाककृती आहे. वाचतोय तर शाळा भरलेली. चालू द्या, मी मागच्या बाकावर बसतो. फक्त फिश फ्राय लॅटिन आहे का तेवढं सांगा.

सत्यशोध१०८

उगं लॅटिन लॅटिन करायलेत. सगळ्या भाषांचं मूळ संस्कृत आहे. फिश हा शब्द सरळसरळ संस्कृत 'पिच्छ' वरून आलेला दिसतोय. माशाला शेपूट असतं, पिच्छ म्हणजे शेपूट. पि चा फि झाला. यात अवघड काय आहे?

माजी_मास्तर

सत्यशोधराव, पि चा फि झाला हे तुमचं बरोबर. बाकी नाही.

मी अंबाजोगाईला पस्तीस वर्षं भाषा शिकवली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. संस्कृतमध्ये पितृ, लॅटिनमध्ये पातेर, इंग्रजीत फादर. संस्कृतमध्ये पाद, लॅटिनमध्ये पेदिस, इंग्रजीत फुट. जिथं आपण आणि रोमन लोक प म्हणतो, तिथं जर्मन कुळातले लोक फ म्हणतात. हा नियम याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला हा थोरला. त्याच चालीवर लॅटिन पिस्किस आणि इंग्रजी फिश.

म्हणजे धागाकर्त्यांनी ज्यांना वेगळे मानलं ते दोन शब्द खरं तर भाऊभाऊ आहेत. फिश लॅटिनमधून आलेला नाही. एकाच घरातून दोघं निघाले, एक उत्तरेला गेला, एक इटलीत जाऊन राहिला. पुढं इंग्रजांनी पुस्तकांसाठी इटलीवाल्या भावाला पुन्हा घरी आणून बसवलं.

आता संस्कृतचं. या माशाच्या शब्दाला संस्कृतमध्ये भाऊच नाही. पिस्किसची भावंडं युरोपच्या पश्चिम टोकाला सापडतात, आयर्लंडपर्यंत. आपल्याकडं मत्स्य, हे वेगळं कूळ. प्रत्येक शब्दाचं गाठोडं संस्कृतच्या दारात नेऊन ठेवलं की संस्कृतचा मान वाढतो असं नाही.

एक मात्र देतो, तुम्ही नाराज होऊ नये म्हणून. गळानं मासे धरणाऱ्याला इंग्रजीत अँगलर म्हणतात. त्यातला अँगल म्हणजे आकडा, गळ. हा जर्मन कुळातला. त्याचा सख्खा नातेवाईक आपल्या घरात आहे : अंकुश. माहुताच्या हातातला अंकुश आणि गोऱ्या साहेबाचा गळ एकाच धातूतून निघालेत. भूमितीतला अँगल, म्हणजे कोन, तो मात्र लॅटिनमधून आला. पण मूळ तेच, वाकडेपण.

सत्यशोध१०८

अंकुश मान्य. पिच्छ अजून विचाराधीन.

बाराइमामगल्ली

मास्तर, मत्स्यचे भाऊ आमच्याकडं आहेत की! फारसीत मासा म्हणजे माही. जुन्या इराणीत मस्य होता, त्याचा माही झाला. आमच्या संभाजीनगरच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात माहीगीर म्हणजे मासे धरणारा. मोगल दरबारातला माही-मरातिबचा मान ऐकला असेल, काठीवर सोनेरी मासा मिरवायचे. म्हणजे कचेरीतला मत्स्य आणि उर्दूतला माही एकाच आजोबाचे नातू, आणि बिचारे एकमेकांना ओळखत नाहीत.

उदगीरची_मत्स्यकन्या

माझं नाव वाचून हसू नका, मी खरंच उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकते. तिसऱ्या वर्षाला.

आमचं पहिलं वर्ष म्हणजे लॅटिनचाच मारा. माशाचे पर घ्या. पाठीवरचा डॉर्सल, दोर्सुम म्हणजे पाठ. छातीजवळचा पेक्टोरल, पेक्तुस म्हणजे छाती. शेपटीचा कॉडल, काउदा म्हणजे शेपूट. कल्ल्यावरचं झाकण ऑपरक्युलम, त्याचा अर्थच झाकण. मी पाठ करताना आईला मोठ्यानं म्हणून दाखवायचे. आई म्हणाली, "एवढं कशाला गं? पाठीचा पर, छातीचा पर, शेपटीचा पर म्हण की." आईचं बरोबर आहे, रोमन लोकही तेच म्हणत होते. दोन हजार वर्षांनी आपल्याला ते भारी वाटायलंय इतकंच.

रोहूचं शास्त्रीय नाव लॅबिओ रोहिता. फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेतल्या माशांवर १८२२ मध्ये पुस्तक काढलं, त्यात त्यानं इथलंच नाव उचललं, रोहित म्हणजे तांबूस. लॅबिओ मात्र लॅटिन, म्हणजे जाड ओठांचा. रोममध्ये हे आडनावासारखं माणसांनाही असायचं. रोहूचं तोंड जवळून बघितलंय त्याला पटेल. अर्धं नाव रोमचं, अर्धं आपलं, आणि दोन्ही अर्ध्यांत वर्णन तेच : लाल अंगाचा, जाड ओठांचा.

पण मला सगळ्यात भारी वाटलेला शब्द माशाचा नाहीच, पिट्यूटरी. रोहू, कटला, मृगळ हे तळ्यात वाढतात पण साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पुरातली वाहती नदी लागते. म्हणून पूर्वी पावसाळ्यात नदीतून बीज गोळा करावं लागायचं, त्यात नको त्या माशांची पिल्लं मिसळलेली. मग १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन करून दाखवलं. आज तुमच्या तळ्यात जे बीज पडतं त्याची सुरुवात तिथली. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो.

आणि पिट्यूटरीचा अर्थ काय? लॅटिन पिटुइटा म्हणजे कफ. शेंबूड म्हणा! जुन्या वैद्यांना वाटायचं की मेंदूतला कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो. प्रात्यक्षिकाला माशाचं डोकं उघडून तो मोहरीएवढा पांढरा दाणा मी पहिल्यांदा चिमट्यात धरला तेव्हा सरांनी हा अर्थ सांगितला. दाणा पडता पडता वाचला.

@खवय्या_जालना : तुमच्या प्रश्नाचं उत्तर अभ्यासक्रमातच आहे. माशाच्या लहान पिल्लांना इंग्रजीत फ्राय म्हणतात. तो शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, बी या अर्थाचा, असं कोशात दिलंय. आणि तळणे या अर्थाचा फ्राय लॅटिनमधला, फ्रिगेरे म्हणजे भाजणे, तळणे. तेव्हा तव्यातलं फ्राय लॅटिन, तळ्यातलं फ्राय नाही.

खवय्या_जालना

मागच्या बाकावरून उठून पुढं येऊन बसलो. धन्यवाद ताई.

तंगूस

ताई, ते जिरे-बोटुकलीचं पण सांगायचं ना. आमच्या संस्थेत बीज येतं तेव्हा कागदावर लिहिलेलं असतं मत्स्यजिरे, मत्स्यबोटुकली. हे कुणी पाडले शब्द माहीत नाही, पण पाडणाऱ्यानं हात पाण्यात घातलेला होता एवढं खरं. अंड्यातून निघालेलं पिल्लू खरंच जिऱ्याएवढं असतं. आणि बोटाएवढं झालं की बोटुकली.

मी शिकलेला कमी, जाळी विणतो. मला जाळ्यांची नावं सांगा कोणीतरी.

उदगीरची_मत्स्यकन्या

दादा, स्पॉन म्हणजे तुमचं जिरे. तो फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन एक्सपांदेरे, पसरणे. अंडी पाण्यात पसरतात म्हणून. जिरे जास्त चांगलं आहे.

फिंगरलिंग तर बोटुकलीच, शब्दाला शब्द.

जाळ्यांत ओढजाळ्याला सेन म्हणतात, लॅटिन सागेना, त्याआधी ग्रीक. आणि एकावर एक तीन जाळी लावलेलं असतं ते ट्रॅमल. त्रि म्हणजे तीन, आणि माकुला म्हणजे जाळ्याचं भोक. माकुलाचा दुसरा अर्थ डाग. इमॅक्युलेट म्हणजे निष्कलंक, बिनडागी, त्यातही हाच माकुला.

तंगूस

म्हणजे बिनभोकाचं जाळं म्हणजे निष्कलंक. पण त्यात पाणी बी अडकल की!

जवसाची_चटणी

मी औशाजवळची, शेतकरी घरातली. माशातलं मला काही कळत नाही, आमच्या घरात माळ आहे. पण एक शब्द माझ्या शेतातला आहे म्हणून लिहिते.

फिशिंग लाइन मधला लाइन. लॅटिनमध्ये लिनेआ म्हणजे दोरा, आणि तो कशाचा तर लिनुमचा. लिनुम म्हणजे जवस! जवसाच्या खोडाच्या धाग्याचं ते लिनन कापड. आपण जवसाचं बी घेतो, चटणी करतो, तेल काढतो. तिकडचे लोक खोड भिजवून सडवायचे आणि त्याचा धागा काढायचे. म्हणजे गळाची दोरी, रेल्वेची लाइन, रेशनची लाइन, सगळ्या जवसाच्या.

आमच्याकडं जवसाचं रान दरवर्षी कमी व्हायलंय, सोयाबीननं सगळं खाल्लं. पण लाइन काही कमी होत नाही.

गणिती_परभणी

छोटीशी भर. बी.एस्सी.ला संख्याशास्त्रातलं पॉयसाँ वितरण शिकवतो. ज्यांच्या नावानं ते आहे त्या फ्रेंच गणितज्ञांचं आडनाव पॉयसाँ, म्हणजे मासा. तोही पिस्किसच्याच घरातला. क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजायला हे वितरण वापरतात. परवा एका मित्राबरोबर येलदरीला गळ टाकून चार तास बसलो, तेव्हा या योगायोगाचं मर्म कळलं.

काळाकोट_बीड

पॉयसाँ आला म्हणून पॉयझन आठवलं. दिसायला भाऊ, पण नातं नाही. पॉयझन लॅटिन पोटिओ वरून, म्हणजे नुसतं पेय. औषधाचा घोट कधी विषाचा झाला ते रोमनांनाच ठाऊक. मात्र मासा आणि विष एका कायद्यात शेजारी बसलेत. १८९७ चा इंडियन फिशरीज अ‍ॅक्ट. त्यात सुरुंग लावून आणि पाण्यात विष कालवून मासे मारायला बंदी आहे. सव्वाशे वर्षं झाली तरी दोन्ही प्रकार ऐकू येतात. असो.

आमच्या वकिलीत एक शब्द आहे पिस्करी. दुसऱ्याच्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क. पाणी तुमचं नाही, जमीन तुमची नाही, फक्त मासे धरून न्यायचा हक्क तुमचा. तलावाचा ठेका म्हणजे दुसरं काय असतं? आपल्या सर्वोच्च न्यायालयानं चिलका सरोवराच्या प्रकरणात १९५५ मध्येच सांगितलं की असा हक्क ही स्थावर मालमत्ता आहे. तोंडी सौदा चालत नाही, लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे. म्हणजे पाण्यात पळणारा मासा कायद्यानं स्थावर! अशिलाला हे समजावताना माझा अर्धा दिवस जातो.

माजी_मास्तर

व्वा. स्थावर मासा! हे लक्षात ठेवतो.

शब्दाच्या या गोतावळ्यातला एक राहिला : पिस्किना. मूळ अर्थ मासे पाळायचं तळं. रोमन श्रीमंतांना याचं वेड होतं. लुकुल्लुस नावाच्या सेनापतीनं तर समुद्राचं पाणी आपल्या तळ्यात आणायला डोंगर पोखरला. किकेरो, म्हणजे ज्याला आपण सिसेरो म्हणतो, तो रोमचा पुढारी आणि वक्ता, या मंडळींना चिडून पिस्किनारी म्हणायचा. राज्य बुडायला आलंय आणि हे तळ्यावर बसलेत, हा त्याचा राग. आज फ्रान्समध्ये पिसीन म्हणजे पोहण्याचा तलाव. मासे गेले, माणसं उतरली.

आपल्याकडं २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' आलं. आमच्या शेजारच्या शिवारात एकानं शेततळ्यात कटला सोडलेत आणि संध्याकाळी सगळं गाव तिथं. पिस्किनारीच, पण दोन एकरवाले. यांच्यावर चिडायला सिसेरो धजला नसता.

बाराइमामगल्ली

शिंपल्याला इंग्रजीत मसल आणि दंडाच्या स्नायूलाही मसल, फक्त स्पेलिंग वेगळं. हे काय प्रकरण आहे मास्तर?

माजी_मास्तर

एकच शब्द. लॅटिन मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर. शिंपल्याचा रंग-आकार पाहून उंदीर, आणि दंड वळवला की कातडीखाली हलतं तेही उंदीर. मुस म्हणजे उंदीर, आपल्या मूषकाचा भाऊ (सत्यशोधराव, हा खरा भाऊ). आपण मराठीत दंडात काय काढतो? बेटकुळी! त्यांच्या दंडात उंदीर, आपल्या दंडात बेडूक.

आणि लॉब्स्टर म्हणजे टोळ. लॅटिन लोकुस्ता दोघांनाही लावायचे, पिकावर येणाऱ्या टोळाला आणि समुद्रातल्या शेवंडीलाही. तेच लांब पाय, त्याच मिशा. आपल्या शेतकऱ्याला महागड्या हॉटेलात ताटभर टोळ म्हणून वाढून बघा.

सत्यशोध१०८

बेटकुळी आवडली. पिच्छ मागे घेतो.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पोरानं हा धागा वाचला, आता यादी पाठ करायची सोडून पुढचा प्रतिसाद कधी येतोय ते बघत बसतो. बायको माझ्यावर चिडलीय.

एक सांगायचं राहिलं होतं. वर मी लिहिलं की काठावर लॅटिन नसतं. ते चुकलं. आमच्या काठावर एक अस्सल लॅटिन शब्द रोज बोलला जातो आणि माझ्या लक्षातच आला नाही : सायप्रिनस! कॉमन कार्प हा बाहेरून आलेला मासा, शास्त्रीय नाव सिप्रिनस कार्पिओ, लिनियसनं १७५८ मध्ये दिलेलं. ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेलेला शब्द. गवत्या कार्पला आपण गवत्या केलं, सिल्व्हरला चंदेरा केलं, पण याला मराठी नाव चिकटलंच नाही. बीजाच्या पिशवीबरोबर जे नाव आलं तेच राहिलं. इंग्लंडातल्या कोळ्याला सिप्रिनस म्हटलं तर तो बघत राहील, आणि इथं आमची आत्या बाजारात बसून ओरडते, "या, ताजा सायप्रिनस!"

आज सकाळी काठावर गेलो होतो. मामा थर्माकोलच्या तराफ्यावरून उतरले, तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या, जाळ्यातून मासे सोडवत बसले. चिलापी जास्त, दोन सायप्रिनस, एक रोहू. मी मुद्दाम विचारलं, "मामा, सायप्रिनस हा शब्द कुठल्या भाषेतला असंल?"

मामांनी वर न बघताच सांगितलं, "सरकारी."